‘अं’ची पाळी

२ मे २०२५, शुक्रवार

कालच्या नोंदीत एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. ग्रामसभेत मी “बाराखडीप्रमाणे” म्हणाले असं लिहिलं आहे. मी तसं म्हणाले नव्हते. मी “शब्दकोशाप्रमाणे” म्हणाले होते. बाराखडी हा आमच्या घरातला शब्द, लिहिताना आपोआप हातून उतरला. पण सगळ्या गावासमोर उभी राहिल्यावर जरा शिकल्यासारखं बोलावं असं मला वाटलं असणार. अर्थ एकच आहे. तरी जे बोलले नाही ते बोलले म्हणून लिहिणं बरं नाही.

सकाळी छबुबाईंना हे सांगितलं तर त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, “चिटणीस, तू येडी हायस का? कोश म्हन, खडी म्हन. गाडी यायचं बघ!”

कालची नोंद घाईत झाली, म्हणून सगळं नीट लिहून ठेवते. आमच्या देवळटाकळीची मुक्कामी गाडी चार उन्हाळ्यांपूर्वी बंद झाली. ती संध्याकाळी वडवणीहून यायची, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे आणि पहाटे गाडी परत निघायची. फेरी तोट्यात आहे म्हणून वरून हुकूम आला. तेव्हापासून पुढं शिकणाऱ्या मुली फाट्यापर्यंत चालतात आणि मिळाली तर काळी-पिवळी पकडतात. रस्ता रुंद करताना फाट्यावरची लिंबाची झाडं तोडली. गेल्या महिन्यात तिथं उभ्या असताना दोन मुली चक्कर येऊन पडल्या. छबुबाई शेतमजूर युनियनच्या जुन्या कार्यकर्त्या, आमच्या गाडी समितीच्या अध्यक्ष; मी चिटणीस. त्या काल ग्रामसभेत म्हणाल्या, “टीव्हीवाले म्हनत्यात पृथ्वी तापली. पृथ्वीचं मला ठावं न्हाई, आमचा फाटा तापलाय. आन् तोटा कसला सांगता? पोरीला शाळेत न्यायला तोटा, मग नफा कुठं हाय, तिला हुंडा देऊन धाडन्यात?”

आगाराचं म्हणणं आहे की कर्मचाऱ्यांच्या मुक्कामाला खोली द्या, जेवणाची सोय सांगा, मग विचार करू. गावात खानावळ नाही. पूर्वी जेवण पाळीनं जायचं, पण मानाप्रमाणे: सरपंच सुंदररावांच्या वाड्यापासून सुरू, देवळाला वळसा, आणि आमच्या किराणा दुकानाशी शेवट. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीची पाळी कधी यायचीच नाही. छबुबाईंनी अट घातली की या वेळी सगळी घरं.

“ठीक हाय, सगळ्या घरांची पाळी,” सुंदरराव म्हणाले, आणि मागं बसलेल्या बायका हसायला लागल्या.

“हसायला काय झालं?”

“काय न्हाई, सरपंच,” छबुबाई म्हणाल्या. “तुमाला न्हाई कळायचं. तुमाला येत न्हाई ती.”

मग सुरुवात कुठून यावर भांडण पेटलं. ते मिटावं म्हणून मी उठले आणि म्हणाले की स्वयंपाक बायका करतात, तर घरच्या बाईच्या नावानं, शब्दकोशाप्रमाणे लावा. सुंदररावांनी जरा हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उजळला. “म्हंजी आमची अनुसया पयली! बगा, मान कसा आपसूक आला.” त्यांनी लगेच जुन्या वाचनालयाची खोली देतो म्हणून जाहीर केलं. तसा लेखी ठराव २९ तारखेच्या विशेष ग्रामसभेत होईल.

सगळं इतकं सहज झालं की भीती वाटते.

४ मे, रविवार

यशोधरा आली होती. वस्तीतल्या अंबुबाईंची नात, यंदा दहावीला बसली आहे. हातात वाचनालयातला जाड शब्दकोश, त्याला पुठ्ठ्याचं कव्हर तिनंच घातलेलं. दुकानात अप्पा होते म्हणून ती पायरीवरच थांबली. मी आत ये म्हटलं, तरी नाही आली.

“ताई, एक इचारू? राग नका धरू.”

“विचार.”

तिनं पहिलं पान उघडलं. अंक, अंकुर, अंग, अंगण. कितीतरी पानं सगळे ‘अं’चे शब्द, आणि त्यानंतर अकस्मात, अक्कल, अनुसया असती तर तीही तिथंच.

“शब्दकोशात ‘अं’ आधी येतो वो, ताई. म्हंजी आमची आजी अनुसयाकाकूच्या आधी येती. मी कुनाला बोलले न्हाई. तुमालाच सांगितलं.”

मला दम्यामुळं आठव्या वर्षापर्यंत शाळेत घातलं नव्हतं. नीलम्मा आत्यानं, म्हणजे अप्पांच्या विधवा बहिणीनं, दुकानाच्या मागच्या खोलीत ताटात ज्वारी पसरून माझं बोट धरून शिकवलं: अ आ इ ई, उ ऊ ए ऐ, ओ औ, अं अः. ‘अं’ शेवटी. ते माझ्या हाडात आहे. आता कळतं की शाळेत गेलेल्यांच्याही हाडात तेच आहे, नाहीतर त्या दिवशी सभेत एकजण तरी बोललं असतं.

दुपारी आत्याला विचारलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, “मी तुला म्हणायला शिकवलं, शोधायला नाही. म्हणताना ‘अं’ शेवटी. शोधताना कुठं असेल ते ज्याला शोधायचंय त्यानं बघावं.”

मी पहिल्या नोंदीतली ती दुरुस्ती केली नसती, तर आज निवांत म्हणू शकले असते की मी बाराखडीच म्हणाले होते. माझ्याशिवाय कुणाला आठवतही नसेल.

६ मे, मंगळवार

छबुबाई आणि मी आगारात गेलो. अप्पांनी मोटारसायकलवरून फाट्यापर्यंत सोडायचं ठरलं होतं, पण मग तेच म्हणाले, वडवणीत गुळाचं काम आहे, बरोबर येतो. आगारप्रमुख साहेब भला माणूस वाटला. गाड्या कमी, माणसं कमी, वरून रोज एक फेरी कापायचा निरोप, हे त्यानं लपवलं नाही. पण मग म्हणाला:

“बाई, खरं सांगू? तुमच्या गावची फेरी कापायची ठरली तेव्हा इथला एकही कर्मचारी आडवा आला नाही. बाकी गावांसाठी येतात. तुमच्याकडं आमचा एक ड्रायव्हर गेला होता, त्याचं आडनाव कळल्यावर ज्या घरची पाळी होती त्यांनी सुतक सांगितलं. पुढच्या घरीही सुतक. मग तो बिस्किट घ्यायला दुकानावर गेला, तर दुकानदारानं त्याला बघून फळ्या लावून घेतल्या. रात्रभर उपाशी झोपला गाडीत. एका गावात एका दिवशी इतकी माणसं मेली, आणि रडण्याचा आवाज नाही!”

छबुबाईंनी मान खाली घातली. मी विचारलं, कुठलं दुकान? साहेब म्हणाला, ते त्यानं सांगितलं नाही.

फाट्याकडच्या पानपट्टीवाल्याचं असणार. तो तसाच आहे. बाहेर आल्यावर अप्पांना मी हे बोलले, तर ते तडक घराकडं निघाले. गुळाचं कामही विसरले. ऊन लागलं असावं, घरी येऊन जेवलेही नाहीत.

गावात चार वर्षं आम्ही सगळे “तोटा, तोटा” म्हणतोय. मीही समितीच्या पत्रकात तेच लिहिलं होतं. तोटा खोटा नाही. पण पुरा खराही नाही.

७ मे, बुधवार

छबुबाईंना शब्दकोशाचं सांगितलं. वाटलं होतं त्या खूष होतील.

“कुनाकुनाला म्हाईत हाय?”

“यशोधरा, आत्या, मी.”

“मग तिथंच ऱ्हाऊ दे.”

त्या चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, “हे बघ, सुंदरराव मानावर भाळलाय. त्याची खोली, त्याचा ठराव. आता तू म्हनलीस पयलं ताट वस्तीत, तर तो ठराव फाडून टाकंल. आधी गाडी येऊ दे. गाडीत सगळ्या जातीच्या पोरी बसत्यात. एकदा का ती आली, मग बघू जातीचं.”

“ते ‘मग’ कधी येतं, छबुबाई?”

“मला इचारतीस? तीस वर्सं लाल झेंडा धरलाय मी.”

“म्हणूनच विचारते.”

त्यांनी भाकरी इतक्या जोरात तव्यावर टाकली की फाटली. “जा घरी,” म्हणाल्या.

मी भांडण्याच्या इराद्यानं बोलले नव्हते. घरी येईपर्यंत सारखं वाटत होतं की त्यांचंच बरोबर आहे. माझा हा नेमकेपणा हा एक प्रकारचा गर्व तर नाही ना? अक्षराच्या एका टिंबासाठी गावातल्या मुलींची शाळा पणाला लावायची मला कुणी परवानगी दिली?

१३ मे, मंगळवार

दहावीचा निकाल. यशोधरा गावात पहिली! सुंदररावांची नात संस्कृती दुसरी. दोघी हातात हात घालून दुकानावर पेढे घ्यायला आल्या. आज यशोधरा पायरी चढून आत आली, बहुतेक आनंदात लक्षात राहिलं नसावं. अप्पांनी पेढे बांधले आणि पैसे घेतले नाहीत. अप्पा कधी कुणाला फुकट देत नाहीत, मलाही नाही.

यशोधराच्या वडिलांनी मात्र सांगितलंय की फाट्यापर्यंत चालत पाठवणार नाही, मागच्या महिन्यात पडलेल्यांत तीही होती. जूनपर्यंत गाडी नाही आली तर पुण्याला मामाकडं, पॅकिंगच्या कामाला. हे तिनं हसत हसतच सांगितलं.

१५ मे, गुरुवार

मी सुंदररावांकडं एकटी गेले. कुणाला न सांगता. हे बरोबर की चूक ते मला अजून कळत नाही, पण गावासमोर त्यांना खाली पाडण्यापेक्षा आधी घरात सांगावं असं वाटलं.

ते झोपाळ्यावर होते. शब्दकोश त्यांच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, चष्मा काढला.

“पोरी, हे पुस्तक कुनी छापलं?”

“पुण्यात छापलंय.”

“मग पुन्याच्या लोकांस्नी जेवाय घालू दे त्याप्रमानं. आपल्याकडं ‘अं’ शेवटी. माझ्या बापाला मास्तरनं छडी मारून शिकवलं, मला छडी मारून शिकवलं. छडी खोटी न्हाई.”

“पण मी ग्रामसभेत शब्दकोश म्हणाले होते, काका.”

“कोन म्हनतं?”

“मीच म्हणते.”

ते हसले. मग हसणं थांबलं. “गुरुपादची लेक म्हनून ऐकून घेतलं. अनुसयाच्या आधी ताट ओढ्यापल्याड गेलं, तर खोली बी न्हाई आन् ठराव बी न्हाई. हे तुज्या समितीला सांग.”

अनुसयाकाकू चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवताना त्यांनी पुस्तकाच्या उघड्या पानाकडं बघितलं. “ह्यात माझं नाव कुठं हाय?” त्यांनी मला हळूच विचारलं. नावं नसतात यात, काकू, पण असतं तर इथं, असं मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी त्या जागेवर आपलंही बोट ठेवलं.

सुंदरराव म्हणाले, “आत जा.”

मी सगळं बिघडवलं आहे. उद्या छबुबाईंना सांगावं लागेल.

१९ मे, सोमवार

छबुबाई ऐकून ओरडल्या नाहीत, हेच वाईट वाटलं. म्हणाल्या, “गेलतीस एकटी? वाघाच्या गुहेत? मला घेऊन गेली असतीस तर निदान चहा तरी पिले असते.”

बातमी फुटली आहे. वरच्या आळीची दोन-तीन घरं आता किराणा फाट्यावरून आणतात. दुकान रिकामं. अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. दिवसभर मागची खोली आवरत असतात, ज्वारीची पोती, जुने डबे, तागडी सगळं बाहेर काढलं. आज चुना दिला. काही बोलायचं नसलं की ते असं एखादं काम काढतात. मी मदतीला गेले तर म्हणाले, “तुझं काम वेगळं आहे, ते कर.” याचा अर्थ मला कळला. माझ्यामुळं गिऱ्हाईक तुटलं म्हणून ते रागावले आहेत.

आत्याला म्हटलं, “अप्पा लई चिडलेत.” ती म्हणाली, “चिडलाय खरा. तुझ्यावर कशावरून म्हणतेस?” मग ती मला आपल्या घराण्याची शिकवण परत ऐकवू लागली: लिंगायतांनी पाच सुतकं मानायची नाहीत. जन्माचं नाही, मरणाचं नाही, पाळीचं नाही, उष्ट्याचं नाही, जातीचं नाही. मला ते लहानपणापासून पाठ आहे. म्हटलं, आत्या, हे मला कशाला सांगतेस? ती म्हणाली, “तुला नाही सांगत,” आणि मागच्या खोलीकडं तोंड करून परत पहिल्यापासून मोठ्यानं म्हणू लागली. वय झालंय तिचं.

आज अवकाळी पाऊस आला, मे महिन्यात ओढा वाहिला. परवापर्यंत उन्हानं माणसं पडत होती. ओढ्याला पाणी आलं की वस्तीला गावात यायला वाट राहत नाही, हे मी किती वर्षं बघते आहे, आणि त्याचा विचार आज केला.

२३ मे, शुक्रवार

ओढा उतरल्यावर अंबुबाई स्वतःच आल्या. पायात चिखल, कमरेला बटवा. मला त्यांच्याकडं आधी जायला हवं होतं, हे त्यांना समोर बघताक्षणी लक्षात आलं आणि मला बसायला सांगणंही सुचलं नाही. आत्यानं त्यांना आत नेऊन पाट दिला.

“गावात माज्या चुलीचं नाव गाजतंय म्हनं,” त्या म्हणाल्या. “सुंदररावाला इचारलं, छबीला इचारलं, पुस्तकाला बी इचारलं. मला इचारलं का?”

“नाही.”

“कावून?”

मी म्हणाले, “मला वाटलं, तुम्हाला आवडेल.”

“मानाचं ताट! त्याच्यापायी सुंदरराव झुरतोय, मला कशाला? माझ्या नातीला गाडी पायजे. पयली पाळी दिली म्हनून उपकार करनार, फोटू काढनार, दुसऱ्या दिवशी इसरनार. असलं लई बघितलंय.”

मी विचारलं, “मग काय करू? तुम्ही म्हणाल तसं.”

त्यांनी बराच वेळ बटव्यातली सुपारी शोधली. “पुस्तकात खरंच ‘अं’ पयला हाय?”

“हो.”

“तुज्या मनानं न्हाई केलं?”

“नाही. माझ्या मनानं ‘अं’ शेवटी होता.”

त्या खळखळून हसल्या. “मग येऊ दे. हिशेबानं येत आसंल तर येऊ दे, उपकारानं नको. आन् ऐक. फोटूवाला न्हाई आनायचा. जे आमी खातो तेच वाढनार, गोडधोड न्हाई. आन् ताटं आमचीच. गावातनं कुनी ताट धाडायचं न्हाई.”

मी हे तिन्ही लिहून घेऊ लागले. “लिवतीस काय?” म्हणाल्या. “ध्यानात ठिव.”

त्या निघाल्या तेव्हा अप्पा दुकानात उभे होते. अंबुबाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “गुरुपाद, चुना बरा दिलाय.” अप्पा म्हणाले, “हो.” एवढंच.

२९ मे, गुरुवार

आज सगळं लिहिणार.

ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची असते. आमच्याकडं ती कधी होत नाही, शिपाई घरोघर फिरून सह्या घेतो. आज छबुबाई म्हणाल्या, “सही न्हाई. सभा.” त्या पहाटेपासून आळीआळीनं फिरल्या होत्या. मला म्हणाल्या, “आधी गाडी म्हनत व्हते मी. रातभर इचार केला. त्या डायवरला उपाशी ठिवून गाडी गेली, तर त्याच पायानं परत कशी येनार? चल, बोल तू.”

शाळेच्या पडवीत बायका मावेनात. मी उठले. मी सांगितलं की मी ‘शब्दकोश’ म्हणाले होते, आणि मला स्वतःला शब्दकोश येत नव्हता. पहिली पाळी अंबुबाईंची, दुसरी अनुसयाकाकूंची. हे मी आधी चुकीचं समजले, चूक माझी. सरपंचांनी खोली नाकारली आहे, म्हणून हे बोलल्यानं गाडी जाऊही शकते, हेही सांगितलं. ते लपवलं असतं तर बरं झालं असतं असं बोलतानाच वाटलं.

कुणीतरी मागून म्हणालं, “तू मुद्दाम फिरवलंस, वस्तीवाल्यांसाठी.” मी म्हणाले, “नाही.” पण ‘नाही’ शब्द किती बारीक निघाला!

तेवढ्यात पुढच्या रांगेतून अनुसयाकाकू उठल्या. सरपंचांच्या बायकोला सभेत बोलताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

“मला बोलायचंय,” त्या म्हणाल्या. पदर दोनदा सारखा केला. “लगीन होऊन आले तवापासून ह्या गावात माझं नाव कुनी घेतलं न्हाई. सुंदररावाची बायकू, सरपंचीनबाई, आदिनाथची आई. ह्या पोरीनं बायांच्या नावानं पाळी लावली, तवा सगळ्या सभेत पयल्यांदा ‘अनुसया’ म्हनले. आमच्या मालकांनीच म्हनलं! मी घरी जाऊन आरशात बघितलं.” बायका हसल्या. त्याही हसल्या. “ते नाव पुस्तकात दुसऱ्या जागी असंल तर दुसऱ्या जागी. खोट्या पयल्या जागी मला उभी करू नका. माझं नाव हाय ते, मालकाचा फेटा न्हाई.”

मग जो काही गलका झाला! छबुबाईंनी विचारलं, “कुनाकुनाचं म्हननं हाय की पुस्तकाप्रमानं?” हात वर झाले. वरच्या आळीचेही. संस्कृतीनं तर मत नसतानाही दोन्ही हात वर केले, तिला ते खाली घ्यायला सांगावं लागलं. मी ‘सगळ्यांनी’ लिहिणार होते, पण चार बायकांनी हात वर केला नाही. चार नव्हे, पाच.

ग्रामसभेत ठराव वाचला तेव्हा सुंदरराव लाल झाले. बायकोकडं बघितलं, तिनं नजर वळवली नाही. मग त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. “बायांचा मान आमी ठिवतो. जेवान कुटंबी घाला. पन वाचनालयाची खोली गळतीय. पावसाळ्यात देता येनार न्हाई. खोली न्हाई तर गाडी न्हाई. झालं!”

माझ्या डोळ्यांपुढं यशोधरा पॅकिंगच्या कारखान्यात उभी दिसली. मी संपवलं सगळं, असं वाटलं.

“खोली हाय.”

आवाज अप्पांचा होता. ते दाराशी उभे होते, दुकान बंद करून आले होते. भर दुपारी दुकान बंद केलेलं मी कधी बघितलं नाही.

“दुकानामागं माझी खोली हाय. चुना दिलाय, पंखा लावलाय, संडास धुतलाय, रांजण भरलाय. दोन खाटा हायेत. भाडं न्हाई. जो कुनी डायवर येईल, जो कुनी कंडक्टर येईल, आडनाव न इचारता झोपंल. आन् फळ्या,” ते थांबले. “दुकानाच्या फळ्या गाडी आल्याबिगर लागनार न्हाईत. हे लिवून घ्या ठरावात.”

अप्पा घरात शुद्ध बोलतात. सभेत असे बोलले, आणि फळ्यांचं ठरावात कशाला, ते मला कळलं नाही. पण आत्या डोळे पुसत होती, आणि अंबुबाई अप्पांकडं बघून मान हलवत होत्या.

कुणीतरी म्हणालं, “सरपंच, घाला सही, पाळी आली तुमची!” बायका पुन्हा हसल्या, आणि या वेळी तेही हसले. नाइलाजानं, पण हसले. सही केली. बाहेर पडताना मला म्हणाले, “पुस्तक परत कर वाचनालयात. धोक्याचं हाय.”

३ जून, मंगळवार

आगाराचा हुकूम आला! १५ जूनपासून देवळटाकळी मुक्कामी. साहेबानं फोनवर सांगितलं की या वेळी दोन ड्रायव्हर स्वतःहून आमची फेरी मागायला आले. छबुबाईंनी फोन हिसकावून घेतला आणि म्हणाल्या, “साहेब, फुटकी गाडी देऊ नका, आमच्या पोरी हुशार हायेत!”

यशोधरानं अकरावीचा अर्ज वडवणीला भरला. तिच्या वडिलांनी मामाला नाही म्हणून कळवलं. अनुसयाकाकूंनी निरोप धाडला आहे की पहिल्या दिवशी त्या अंबुबाईंकडं भाकरी थापायला जाणार. अंबुबाईंचं उत्तर: “ये म्हनावं, पन भाकरी पातळ थापती म्हनं ती, चालायची न्हाई.” दोघींचं अजून ठरतंय.

१० जून, मंगळवार

छबुबाईंच्या घरी बसले असताना उमापूरहून बायकांचा फोन, स्पीकरवर घेतला. त्यांची आणि शेजारच्या एका गावाची मुक्कामी गाडीही अशीच कापली आहे, तोट्यात म्हणून. त्यांनी विचारलं, तुम्ही कसं केलंत, ते आम्हाला सांगा. मी म्हणाले, छबुबाईंना देते. छबुबाईंनी फोन घ्यायला नकार दिला. “मला कावून देतीस? त्यांनी तुझं नाव घेतलं.” मी चुकीचं ऐकलं असेल म्हणून फोनवर परत विचारलं. माझंच नाव घेतलं होतं.

मी त्यांना सांगितलं की एकेका गावाच्या खोलीनं आणि ताटानं हे भागणार नाही. आमच्याकडं अप्पांनी खोली दिली, दुसऱ्या गावात कोण देईल? ते गावानं दयेनं भरून काढायचं काम नाही, सरकारचं आहे. फाटा सगळीकडं तापतोय. बीडला विभागीय कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसावं लागेल, तीन गावांच्या बायकांनी एकत्र, कापलेल्या सगळ्या फेऱ्या परत मिळेपर्यंत. हे बोलून झाल्यावर कळलं की हे मी बोलले. समितीत अजून ठरलं नव्हतं. फोन ठेवून ताबडतोब छबुबाईंना म्हटलं की मी न विचारता शब्द दिला. त्या म्हणाल्या, “मग आता पाळ.”

अजून भीती वाटते. पोलीस उठवतील, मुली घाबरतील, मी ऐन वेळी काहीतरी चुकीचं बोलेन. पण पंधराला रविवारी गाडी येईल, अंबुबाईंकडं जेवण होईल, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीच गाडी निघेल. यशोधरा आणि संस्कृती प्रवेशाच्या कामासाठी वडवणीला उतरतील. मी तिथं थांबणार नाही. तिथून बीडची गाडी, आणि मग पायऱ्या.

पायऱ्यांवर बसायचं: सोमवार, १६ जून २०२५.